मतदानापुरतं

म्हैस दूध चोरायला लागली होती. कस्तुराबाई होती तोवर तिच्या हाताखाली सुखानं द्यायची. बाई दिवाळीच्या तोंडावर गेली, आणि म्हशीनं दुसऱ्या कुणाचा हात कासेला लावून घेतला नाही. शेवटी अर्जुनरावांनी बायकोचं एक जुनं हिरवं लुगडं ट्रंकेतून काढलं. रोज सकाळी ते डोक्यावरून खांद्यावर ओढून घ्यायचं, पदर दातात धरायचा आणि बादली गुडघ्यांत आवळून बसायचं. म्हैस मान वळवून हुंगायची. माणसाला न येणारा वास तिला येत असावा, कारण जरा वेळानं ती पान्हा सोडायची.

त्या दिवशी धार नुकती लागली होती आणि गोठ्याच्या दारात पांढरी गाडी येऊन थांबली.

गाडीतून गणराज उतरला. त्याची बायको निशिगंधा जिल्हा परिषदेला उभी होती. जागा बाईसाठी राखीव, म्हणून पत्रकावर फोटो तिचा. फिरणं, बोलणं, हात जोडणं सगळं गणराजचं. बरोबर दोघे-तिघे होते. एकाच्या हातात ताट होतं, त्यावर पिवळा रुमाल.

"काय आबा, मावशी झालाव व्हय?" ताटवाला म्हणाला आणि बाकीचे हसले.

अर्जुनरावांना उठता येईना. उठलं की धार तुटणार, मग संध्याकाळपर्यंत म्हैस थेंब देणार नाही. ते तसेच बायकोच्या लुगड्यात बसून राहिले. दातातला पदर न सोडता त्यांनी मानेनंच या म्हटलं.

"गप रे," गणराज ताटवाल्यावर डाफरला. "काकूंचं लुगडं हाय ते. होऊ द्या आबा तुमचं निवांत. आमी थांबतो."

तो बोलायला गोड होता आणि सगळंच काही वरवरचं नव्हतं. त्याच्या पक्षाला कुरुळीपासून चाकणपर्यंत लोक मिडीयम पार्टी म्हणायचे, हॉटेलात मिसळ सांगताना म्हणतात तसं. तिखटवाला गट भीमराजचा. त्याची पोरं झेंडे लावून मोटरसायकली फिरवायची आणि कोण कुणाच्या दुकानात जातो यावर नजर ठेवायची. त्यांच्या नावानं बोटं मोडणारेही होते, पण ते बोटंच मोडायचे. गणराज मधे उभा राहिला होता. देवाधर्माची चाड असणारी जुनी माणसं त्याला हवी होती, आणि भांडणतंटा नको म्हणणारीही हवी होती. अर्जुनराव दोन्हींत बसायचे. देवाचा वार त्यांनी कधी चुकवला नाही आणि बांधावरून कधी कुणाची गचांडी धरली नाही. त्यांनी हो म्हटलं की वस्तीवरची चाळीस घरं हो म्हणायची.

बादली भरली. लुगडं खुंटीला टांगून ते बाहेर आले. ताटावरचा रुमाल निघाला. आत खंडेरायाचा भंडारा, वर बेलाची पानं. चिमूट उचलायची, कपाळाला लावायची आणि शब्द द्यायचा. भंडारा उचलून दिलेला शब्द मोडणारा माणूस या वस्तीनं अजून पाहिला नव्हता. म्हणून तर निवडणूक आली की ताटं फिरायची.

"सगळ्या घरानं उचला आबा," गणराज म्हणाला. "आमचं एकच म्हणणं, सगळ्यांना धरून. कुणाला सोडायचं न्हाई, कुणाला दुखवायचं न्हाई."

अर्जुनरावांनी उचलला. सून वर्षाली भाकरीचं पीठ हाताला असतानाच आली, तिनं उचलला. मुलगा निरंजन फर्स्ट शिफ्टला गेला होता, त्याच्या वाटची चिमूट तिनंच घेतली.

गोठ्याच्या पलीकडं बरकत कडबाकुट्टीचं मशीन उघडून बसला होता. रस्त्याकडेला अर्जुनरावांच्याच जागेत त्याचं पत्र्याचं शेड होतं. पुढं वेल्डिंगचं काम, मागं दोन खोल्यांत संसार. त्याचा बाप नालबंद. आसपासच्या सगळ्या बैलांच्या खुरांना तोच पत्री ठोकायचा. बैलगाडा शर्यतीच्या दिवशी घाटात, म्हणजे धावपट्टीवर, बैलाच्या कपाळाला भंडारा लागला की दुसरी चिमूट नालबंदाच्या हातावर, ही वस्तीची रीत. ज्याच्या हातावर बैल पळायचा, त्याचा हात कोरडा ठेवत नव्हते.

म्हणून अर्जुनरावांच्या तोंडून निघून गेलं, "बरकत, ये. तूबी उचल."

"हात काळं हायती, आबा."

"असूं दे. कामाचं हायती."

बरकतनं विजारीला हात पुसले. तरी बोटांच्या रेघांत ग्रीस राहिलंच. त्यानं चिमूट घेतली आणि बाप चोळायचा तशी मनगटावर चोळली. "ताईला मत," तो म्हणाला. "माझ्या घरातली समदी."

"याला म्हणायचं गाव," गणराज म्हणाला. ते तो मनापासून म्हणत होता. ताटवाल्यानं मोबाईल काढून फोटो घेतला.

दोन दिवसांनी सासरा आणि सून मेथी उपटत होते. दव अजून सुकलं नव्हतं. मूठभर काडी धरायची, मुळासकट ओढायची, माती झटकायची आणि सुतळीचा वेढा घालून जुडी बाजूला ठेवायची. बोटं गारठून वाकडी होत होती. कस्तुराबाई या कामात दोघांना ऐकायची नाही. वाफ्याच्या त्या टोकाला जाऊन पोचली की कमरेवर हात ठेवून म्हणायची, या सावकाश. आता त्या टोकाला कुणी नव्हतं. अर्जुनराव मान वर न करता उपटत राहिले.

निरंजन शिफ्ट सोडून मधेच आला. कंपनीचा निळा शर्ट अंगावर तसाच. गाडी बांधावर टाकून तो वाफ्यात आला आणि त्यानं मोबाईल बापापुढं धरला.

पहिला फोटो सगळ्यांचा होता. मधे ताट, गणराज, आबा, वर्षाली, वाकलेला बरकत, मागं गोठ्यात म्हैस. खाली गणराजच्या माणसानं लिहिलं होतं, सगळ्यांना धरून. निरंजननं बोटानं सरकवलं. दुसरा फोटो तोच होता, पण माणसं कापलेली. नुसतं ताट, मागं म्हैस आणि भंडाऱ्यात घातलेला एक काळा हात. खाली लिहिलं होतं, देवाच्या भंडाऱ्यात हा हात कुणी घालू दिला.

"ग्रीस हाय ते," अर्जुनराव म्हणाले.

"आबा, फोटोत ग्रीस दिसत नाही. काळं दिसतं."

"मग सांगायचं की लोकांना."

निरंजननं मोबाईल खिशात घातला. "जेवणाच्या सुट्टीत पोरं दाखवत होती. म्हणाली, तुझ्याच घरचं ना रे हे? मी म्हणलो, नाही." तो बांधाकडं बघत बोलत होता. "आमच्याकडं अशी म्हैसच नाही म्हणलो."

वर्षालीनं सुतळी तोडली ती हातातच राहिली. मग तिघं वाकले आणि उरलेला वाफा संपवायला लागले.

दुपारी अर्जुनराव शेडकडं गेले. एरवी तिथं डोळे दिपायचे, वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असायच्या. आज बरकत स्टुलावर नुसता बसला होता. ट्रॉलीचा हुक जोडायला दिलेला माणूस सकाळीच येऊन अर्धवट जोडलेला हुक घेऊन गेला होता.

"म्हणला, घाई हाय," बरकत म्हणाला. "हुक लोंबकळत घेऊन गेला की वो. वाटंत पडंल कुणाच्या तरी पायावर."

रस्त्यानं दोन मोटरसायकली आल्या. शेडपाशी त्यांचा वेग उतरला. मागं बसलेल्या पोरानं बरकतकडं बघितलं, अर्जुनरावांकडं बघितलं, आणि गाड्या पुढं गेल्या. नाक्यावरून वळून त्या परत आल्या. परत वेग उतरला. कुणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"सकाळपासनं चाललंय," बरकत म्हणाला. "आन तिकडनं तळेगावहून सासऱ्याचा फोन. तुला भंडारा उचलायला कुणी सांगितलं, म्हणून धुतलं मला. आबा, मी तर दोनीकडनं बाटलो." तो हसला. हसताना त्याच्या हातातला पाना खाली पडला आणि त्या आवाजानं दोघंही दचकले.

गणराज दुसऱ्या दिवशी आला तो बायकोला घेऊन. निशिगंधा वर्षालीबरोबर आत गेली. बाहेर बाजेवर गणराज आणि अर्जुनराव बसले. गणराजच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. चार दिवस झोपला नसावा.

"आबा, मी वाईट माणूस हाय का? तोंडावर सांगा."

"न्हाई."

"मग ऐका. बरकतच्या घरात आठ मतं. ती मला पायजेत. पण या फोटोनं माझी जुनी माणसं तिकडं सरकाय लागली. म्हणत्यात, तुमच्यात देवालाबी सोडत न्हाईत. आन जी भांडण नको म्हणणारी हायत, ती म्हणत्यात, आमी त्या दिवशी घराबाहेरच पडत न्हाई. दोनीकडनं गळती लागलीय."

"मग?"

"उद्या चारला देवळाम्होरं सभा हाय. तुमी एक वाक्य बोला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो आपणहून आला, आमच्या ध्यानात आलं न्हाई, देवानं माफ करावं. झालं. आन बरकतनं शेड बंद करून सासुरवाडीला जावं. मतदानापुरतं. मतदान झालं की मी सोता गाडी घेऊन जातो आन त्याला आणतो. भीमराजशी बोललोय मी. एवढ्यावर ती पोरं गप बसायला तयार हायत."

"आन न्हाई बोललो तर?"

गणराजनं चहा बशीत ओतला. फुंकर मारली, पण प्याला नाही. "तर माझ्या हातात काय न्हाई. मी पोलीस न्हाई." बशी खाली ठेवून तो म्हणाला, "निरंजनचा काँट्रॅक्टर कोण हाय आबा?"

"भीमराजचा मेव्हणा."

"मी त्याबद्दल काय बोललो का?"

"न्हाई."

"न्हाईच बोलणार," गणराज म्हणाला आणि चहा संपवला.

आत निशिगंधा चुलीपाशी उभी होती. वर्षालीनं तिला पाट दिला, ती बसली नाही. म्हणाली, "मला रोज विचारतात, ताई तुमची भूमिका काय. घरात विचारलं तर म्हणतात, तू फक्त हात जोड." मग बाहेरून हाक आली आणि ती गेली.

गाडी गेल्यावर वर्षाली उंबऱ्यात आली. कडेवर वर्षभराची पोर. "आबा, बोला तुम्ही. एक वाक्य तर आहे."

"खोटं हाय ते."

"खोटंच आहे. पण तुम्ही रानात असता, हे कंपनीत असतात. मी एकटी असते घरात. काल त्या गाड्या आपल्या दारापुढंही हळू झाल्या." तिनं रस्त्याकडं बोट केलं. "त्या पोरानं हिच्याकडं बघून हात हलवला. टाटा केला. तसं कुणी टाटा करतं का?"

अर्जुनरावांनी नातीकडं बघितलं. ती आजोबांना टाटा करत होती.

संध्याकाळी ते शेडच्या मागच्या अंगाला गेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होते, पण बरकतला आधीच कळलेलं होतं. गणराज त्याच्याकडं होऊन गेला होता.

"बोला आबा तुमी," बरकत म्हणाला. "मी राग धरत न्हाई. उद्या दुपारच्याला निघतो. लेकरं घेऊन जातो, टेंपो हायच." तो कडबाकुट्टीची पाती दगडावर घासत होता. पाण्याचा हबका मारून त्यानं धार अंगठ्यानं बघितली. "हे लावून देतो आन जातो. न्हाईतर म्हशीला काय घालाल?"

दारात बरकतची बायको मुमताज कणीक मळत होती. दिवाळीच्या आधी, कस्तुराबाईच्या छातीत कळ आली तेव्हा बरकतच्या याच टेंपोत तिला घातली होती. चाकणच्या चौकात गाड्यांची रांग हलत नव्हती. बरकत खाली उतरून ट्रकवाल्यांच्या हातापाया पडत होता, आणि मागं मुमताजच्या मांडीवर डोकं ठेवून कस्तुराबाई गेली. अर्जुनरावांच्या हातात तेव्हा तिचे पाय होते. आपण डोक्याकडं का बसलो नाही, हे ते अजून स्वतःला विचारत होते.

"आबा, एक विचारू का?" मुमताज म्हणाली. "आमचा पोरगा शाळेत जातो. तो मला विचारतो, अब्बाला बोलावलं हुतं का अब्बा तसाच गेला? काय सांगू त्याला?"

"गप गं," बरकत म्हणाला.

"गपच हाय. नुसतं विचारलं."

बरकतनं पाती मशीनला बसवली, बोल्ट आवळले आणि मूठभर कडवळ घालून चाक फिरवलं. बारीक, एकसारखी कुट्टी पडली. तेवढंच ते दोघं बघत राहिले.

सभेला देवळापुढचं पटांगण भरलं. पुढं सतरंजीवर म्हातारी माणसं आणि बायका, मागं खुर्च्या, आणि एका कडेला वडाखाली मोटरसायकली. त्यांवर भीमराजची पोरं बसली होती. भीमराज स्वतः पुढं येऊन मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. गोरापान, शांत पोरगा. अर्जुनराव जवळून गेले तेव्हा तो त्यांच्या पाया पडला.

गणराज चांगला बोलला. आमचा पक्ष देव मानणारा आणि माणूस मानणारा, म्हणाला. आम्हाला टोकाला जायचं नाही, म्हणाला. टाळ्या मधूनच, बेतानं पडत होत्या. मग त्यानं अर्जुनरावांना हात धरून माईकपाशी आणलं. "आपले आबा दोन शब्द बोलतील."

अर्जुनरावांनी वाक्य पाठ केलं होतं. सकाळी म्हशीपुढं दोनदा म्हणूनही बघितलं होतं. त्यांनी घसा खाकरला, तो भोंग्यातून सगळ्या वस्तीवर गेला.

"आबा," खालून भीमराज अदबीनं म्हणाला, "नुसतं नको. भंडारा उचलून सांगा."

मागून पोरं म्हणाली, "उचलून, उचलून."

गणराजचा चेहरा उतरला. हे ठरलेलं नव्हतं. पण ताट तर त्याचंच, पुढं टेबलावर ठेवलेलं. नको म्हणायची सोय नव्हती. त्यानं ताट उचलून अर्जुनरावांपुढं धरलं आणि ओठ न हलवता पुटपुटला, "उरका आबा."

अर्जुनरावांनी चिमूट घेतली. घेताना अर्धा भंडारा धोतरावर सांडला. समोर भीमराज होता. वडाखाली पोरं होती. लांब, भिंतीच्या कडेला वर्षाली पोरीला घेऊन उभी होती. त्यांना त्या सगळ्यांची भीती वाटत होती आणि ती जराही कमी झाली नाही. पण बोटांत धरलेल्या त्या चिमटीची भीती तिच्याहून मोठी निघाली. पाठ केलेलं वाक्य घशाशी आलं आणि बाहेर पडायला तयार होईना.

"मी हाक मारली त्याला," ते म्हणाले.

'मी' एवढंच भोंग्यातून गेलं. गणराजनं माईकवाल्याकडं बघितलं होतं. भोंगा गप झाला. अर्जुनरावांना ते कळलं नाही. ते मान खाली घालून बोलत राहिले, घरात बोलावं तेवढ्या आवाजात. "मीच म्हणलं, ये, तूबी उचल. तो म्हणला हात काळं हायती. मी म्हणलं असूं दे. त्याचा काय बी दोष न्हाई."

सतरंजीवरच्या पहिल्या दोन रांगांनी ऐकलं. एक म्हातारी पदर तोंडाला लावून खाली बघायला लागली. मागच्यांनी काय, काय म्हणून माना उंच केल्या. तेवढ्यात गणराजनं त्यांच्यापुढचा माईक घेतला आणि भोंगा परत चालू झाला.

"आबांचा आवाज बसलाय, दुःखात हायत ते," गणराज म्हणाला. "आबा म्हणतायत, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. झाली ती चूक झाली, देवानं माफ करावं. खंडेरायाच्या साक्षीनं विषय संपला."

टाळ्या वाजल्या. सभा सुरू झाल्यापासून पहिल्यांदा पुढून मागंपर्यंत एकसारख्या वाजल्या. सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं होतं. अर्जुनराव तोंड उघडून उभे राहिले. आपण बोललो का नाही, हेच त्यांना क्षणभर कळेना. मग त्यांनी खाली बघितलं. खांबाला टेकलेला भीमराज टाळ्या वाजवत नव्हता. तो पहिल्या रांगेच्याही पुढं उभा होता. त्यानं शब्द न् शब्द ऐकला होता.

कुणाशी न बोलता ते पटांगणातून निघाले. सरळ शेडकडं गेले. शेडला कुलूप होतं. मागच्या खोल्यांनाही कुलूप. टेंपोच्या चाकांच्या ताज्या खुणा रस्त्याला लागेपर्यंत दिसत होत्या. म्हणजे दुपारी निघायचं राहून ते नुकतेच निघाले होते, आणि भोंगा इथपर्यंत ऐकू येत होता. बरकतनं, मुमताजनं आणि त्या पोरानं काय ऐकलं असेल ते अर्जुनरावांना कळलं. ते ऐरणीशेजारच्या ओंडक्यावर बसले. घरी जायचं त्यांच्या मनात होतं, जरा दम खाऊन.

दिवस कलला होता. कंपन्यांच्या बसेस नाक्याकडं चालल्या होत्या. तेवढ्यात मोटरसायकली आल्या, पाच-सहा. शेडपुढं येऊन एका रांगेत थांबल्या. दोघांच्या हातात पहारी होत्या.

"आबा, उठा," भीमराज म्हणाला. "घरी जा. आम्हाला पत्रे काढायचेत."

अर्जुनरावांना उठायचं होतं. त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि जोर केला. गुडघे नुसतेच हलले. मांड्यांतलं बळ कुणी ओतून घेतल्यासारखे पाय सैल पडले होते. त्यांनी परत जोर केला.

"आबा, ऐकायला येत नाही का? भोंगा बंद पडला का तुमचापण?" एक पोरगा म्हणाला. बाकीचे हसले, भीमराज हसला नाही.

रस्त्यापलीकडं डेअरीपाशी माणसं गोळा झाली होती. कुणी पुढं येत नव्हतं, कुणी निघूनही जात नव्हतं. त्यांच्यातून वर्षाली धावत आली. धापा टाकत तिनं सासऱ्याचा दंड धरला. "उठा आबा. चला घरी. तुमच्या पाया पडते, चला."

"उठता येईना गं," ते तिच्या कानाशी म्हणाले. "पाय ऱ्हायलं न्हाईत माझं."

वर्षालीनं खाली बघितलं. धोतराच्या आत त्यांचे पाय लटपटत होते. वहाणा जमिनीवर बारीक वाजत होत्या. तिनं पोरगी या कडेवरून त्या कडेवर घेतली. मग ती पोरांकडं वळली. तिचेही ओठ पांढरे पडले होते.

"आबा म्हणतात, मी उठत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"म्हणतात, पत्रे काढायचे तर आधी मला उचलून बाजूला करा."

अर्जुनराव तिच्याकडं बघत राहिले. यातलं ते काहीच बोलले नव्हते. आज दुसऱ्यांदा त्यांच्या नावावर दुसरंच कुणी बोललं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि गप्प बसले.

पहार धरलेला एक पोरगा पुढं आला. भीमराजनं त्याला हात आडवा केला. त्यानं डेअरीकडं बघितलं. तिथं दोघा-तिघांचे मोबाईल वर झाले होते. विधुर म्हातारा, धोतरावर देवाचा भंडारा सांडलेला, आणि त्याला चार पोरं उचलतायत. असा फोटो त्यालाही नको होता. जुनी माणसं त्यालाही हवी होती.

तो अर्जुनरावांपुढं उकिडवा बसला. अगदी जवळ, नातू बसतो तसा. "मतदान होऊ द्या आबा," तो म्हणाला. "मग बघू." मग परत त्यांच्या पायांना हात लावला. हात लावताना ते पाय थरथरतायत हे त्याला कळलं असणार. त्यानं मान वर करून एकदा बघितलं आणि तो उठला. गाड्या सुरू झाल्या आणि एकामागं एक नाक्याकडं गेल्या.

डेअरीवरची माणसं पांगली. दोघं जाताना हात वर करून गेली, बाकीची तशीच. वर्षाली ओंडक्यावर सासऱ्याच्या शेजारी बसली. पोरीला मांडीवर घेऊन दुसऱ्या हातानं तिनं त्यांचा गुडघा दाबून धरला. बराच वेळ तो हाताखाली हलत होता.

"मतदान शनिवारी ना?" तिनं विचारलं.

"व्हय."

रस्त्यावरून आणखी एक बस गेली. वर्षाली तिच्या दिव्यांकडं बघत राहिली.

"मग रविवारी पण इथं येऊन बसावं लागंल," ती म्हणाली.